डेबियन १२ वरून १३ वर जाताना: काय नवीन आलंय, काय मोडतं आणि रीबूट मारायच्या आधी काय काय बघायचं

डेबियन या लिनक्स ऑपरेटिंग सिस्टमचं १३ वं व्हर्जन म्हणजे ट्रिक्सी, ९ ऑगस्ट २०२५ ला आलं. १२ म्हणजे बुकवर्म त्याआधी दोन वर्षं, जून २०२३ पासून चालू होतं आणि त्याचा नेहमीचा सपोर्ट १० जून २०२६ पर्यंतच, त्यानंतर एलटीएस (लाँग टर्म सपोर्ट) टीम ३० जून २०२८ पर्यंत बघणार. म्हणजे घाई नाहीये पण कधीतरी करायचंच आहे. आणि खरं सांगायचं तर अपग्रेड स्वतः फार अवघड नाहीच, चार कमांड मारल्या की होतं, डेबियनवाल्यांनी ते काम चोख केलंय. लोकांचा घोळ होतो तो नंतर, कारण १३ मध्ये काही गोष्टी गुपचूप बदलल्यात, एरर वगैरे काही येत नाही, अपग्रेड छान संपतं, रीबूट मारलं की सर्व्हरचं नेटवर्क गायब किंवा ऑफिसातल्या लोकांचं इंटरनेट बंद. म्हणून नवीन फीचर थोडक्यात आणि न सांगता मोडणाऱ्या गोष्टी सविस्तर सांगतो.

एक गोष्ट आधीच, कमांड आणि फाइलची नावं मी इथे आपण तोंडाने सांगतो तशी लिहिली आहेत, टर्मिनलमध्ये अर्थातच इंग्रजी लहान अक्षरात टाकायची.

नवीन काय आहे ते पटकन

कर्नल, म्हणजे सिस्टमचा गाभा, ६.१ वरून ६.१२ वर आलंय. नवीन लॅपटॉप घेतलेल्यांना १२ वर वायफाय किंवा ग्राफिक्स नीट चालत नसेल तर बऱ्याचदा एवढ्यानेच काम होतं. डेस्कटॉप म्हणाल तर नोम ४८, केडीई प्लाझ्मा ६.३, एक्सएफसीई ४.२०; बाकी पायथन ३.१३, पीएचपी ८.४, पोस्टग्रेस १७, मारियाडीबी ११.८, लिब्रेऑफिस २५.२. नोममध्ये मला सगळ्यात कामाचं वाटलं ते बॅटरीचं सेटिंग, लॅपटॉप सपोर्ट करत असेल तर पॉवरमध्ये जाऊन बॅटरी जपण्याचा पर्याय निवडायचा मग तो ८० टक्क्यांच्या आसपास चार्जिंग थांबवतो, दिवसभर चार्जर लावून बसणाऱ्यांनी हे लावाच. नोटिफिकेशनही आता ॲपप्रमाणे एकावर एक रचून येतात, पूर्वीसारखी पंचवीस ओळींची रांग नाही.

पॅकेजं बसवणारं-काढणारं ॲप्ट ३.० आलंय. काय बसणार, काय निघणार हे वेगवेगळ्या रंगात आणि कॉलममध्ये दाखवतो, निघणारी पॅकेजं लाल रंगात दिसतात. ही बाब दिसायला किरकोळ पण अपग्रेडच्या वेळी डोळे मिटून एंटर दाबणाऱ्यांना वाचवणारी आहे.

आतून झालेला सगळ्यात मोठा बदल दिसणारच नाही. १९ जानेवारी २०३८ ला ३२ बिटमध्ये सेकंद मोजणाऱ्या घड्याळाचे आकडे संपतात, ते टाळायला जवळपास सगळ्या आर्किटेक्चरवर वेळ ६४ बिटमध्ये नेली, त्यासाठी हजारो पॅकेजं परत बिल्ड करावी लागली. अपग्रेड करताना लायब्ररींच्या नावामागे टी६४ असं शेपूट दिसेल, घाबरू नका, ते यामुळेच. फक्त जुना आय३८६ (३२ बिटवाल्या पीसीचं आर्किटेक्चर) यातून वगळलाय.

आणि आय३८६ चा विषय निघालाच आहे तर, ज्यांच्याकडे जुनं ३२ बिटवालं मशीन आहे त्यांनी इथेच थांबा. १३ मध्ये आय३८६ चं कर्नल नाही आणि इन्स्टॉलरही नाही, ती पॅकेजं फक्त ६४ बिट मशीनवर जुनं ३२ बिट सॉफ्टवेअर चालवायला ठेवलीत. प्रोसेसर ६४ बिटचा आहे पण आपण तेव्हा ३२ बिटचं डेबियन टाकलं होतं असंही खूप वेळा असतं, तर आधी 'एलएससीपीयू' मारून बघा, ऑप-मोडच्या ओळीत ६४ बिट दिसलं तर बॅकअप घेऊन सरळ एएमडी६४ नवीन इन्स्टॉल करा. नुसतंच ३२ दिसलं तर १२ वरच राहा, २०२८ पर्यंत वेळ आहे.

आधीची तयारी

बॅकअप घ्या. हे सगळेच सांगतात आणि कोणीच ऐकत नाही, निदान ईटीसी फोल्डर (सिस्टमची सेटिंग इथे असतात), डेटाबेसचा डंप आणि बसवलेल्या पॅकेजांची यादी ('डीपीकेजी --गेट-सिलेक्शन्स' चा आउटपुट) दुसऱ्या मशीनवर टाका, याला पाच-दहा मिनिटांपेक्षा जास्त लागत नाही.

मग १२ पूर्ण अपडेट करून घ्या. हे नुसतं शिस्तीसाठी नाही, एसएसएचवरून दुरून अपग्रेड करणार असाल तर यात एक खरा धोका आहे. १२ मधल्या जुन्या ओपनएसएसएच सर्व्हरवर अपग्रेड मध्येच अडकलं आणि तुमचं कनेक्शन तुटलं तर परत लॉगिनच होत नाही. याचं दुरुस्त व्हर्जन १२ साठी दिलंय, त्याच्या नंबरच्या शेवटी डेब१२यू७ किंवा त्याहून पुढचा आकडा हवा. 'ॲप्ट पॉलिसी ओपनएसएसएच-सर्व्हर' मारा आणि डोळ्यांनी बघा. आणि काहीही झालं तरी टीमक्स किंवा स्क्रीनमध्येच (कनेक्शन तुटलं तरी काम चालू ठेवणारे प्रोग्रॅम) अपग्रेड चालवा, घरचं नेट कधी जाईल सांगता येत नाही. डेस्कटॉपवर असाल तर नोमच्या टर्मिनलमध्ये चालवू नका, कंट्रोल-ऑल्ट-एफ३ ने टेक्स्ट कन्सोलवर जा, कारण मध्येच डेस्कटॉपच रीस्टार्ट झाला तर टर्मिनलसकट अपग्रेड बंद पडायचं.

पुढे थर्ड पार्टी रेपो, म्हणजे डेबियनबाहेरचे पॅकेजांचे साठे. ब्राउझर, डॉकर, व्हीएस कोड असलं काय काय आपण टाकून ठेवलेलं असतं. 'ॲप्ट-फोर्कट्रेसर' नावाचं छोटं पॅकेज आहे, ते डेबियनबाहेरून आलेल्या पॅकेजांची यादी देतं. त्या रेपो तात्पुरत्या बंद करा. बॅकपोर्ट्सची (जुन्या डेबियनवर नवीन पॅकेजं देणाऱ्या रेपोची) ओळही काढा. 'ॲप्ट-मार्क शोहोल्ड' मारून कुठलं पॅकेज होल्डवर ठेवलंय का बघा, मागे कधीतरी होल्ड मारलेलं असतं आणि विसरलेलं असतं, अपग्रेड अडकायचं हे एक नेहमीचं कारण.

आता बूट पार्टिशन. हे नीट वाचा. कर्नल आणि फर्मवेअरची पॅकेजं या वेळी खूप फुगलीत आणि बूटसाठी वेगळं पार्टिशन असेल तर ते निदान ७६८ एमबीचं आणि त्यात साधारण ३०० एमबी मोकळे असावेत असं डेबियनच सांगतं. जुन्या इन्स्टॉलरने, विशेषतः डिस्क एन्क्रिप्ट केली असेल तर, याहून लहान बूट बनवलेलं असतं. 'डीएफ -एच /बूट' मारा. जागा कमी असेल तर अपग्रेड सगळं नीट चालतं आणि शेवटी शेवटी इनिटरॅमएफएस (बूटच्या सुरुवातीला लागणारी इमेज) बनवताना डिस्कवर जागा नाही म्हणून आपटतं, आणि तिथे अडकलेलं सोडवणं म्हणजे डोक्याला ताप. त्यामुळे आधीच जुनी कर्नलं काढा, आत्ता चालू आहे ते ('यूनेम -आर') सोडून. तरीही पुरत नसेल तर ईटीसीमधल्या इनिटरॅमएफएस-टूल्स फोल्डरमध्ये इनिटरॅमएफएस डॉट कॉन्फ आहे, त्यात मॉड्यूल्सच्या ओळीत मोस्ट आहे तिथे डेप करा, म्हणजे फक्त याच मशीनला लागणारे ड्रायव्हर आत जातात आणि इमेज बरीच लहान होते. याचा तोटा एकच, तीच डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावली तर बूट होईलच असं नाही.

एन्व्हिडियावाल्यांनी आणि डीकेएमएस मॉड्यूल (कर्नल बदललं की परत बिल्ड होणारे बाहेरचे ड्रायव्हर) वापरणाऱ्यांनी आपला ड्रायव्हर १३ मध्ये आहे ना आणि ६.१२ वर बिल्ड होतो ना ते आधी शोधा. जुन्या कार्डांचे ड्रायव्हर दर व्हर्जनला गळत जातात.

प्रत्यक्ष अपग्रेड

ईटीसीमध्ये ॲप्ट फोल्डरमधली सोर्सेस डॉट लिस्ट उघडा आणि जिथे जिथे बुकवर्म आहे तिथे ट्रिक्सी करा, सिक्युरिटी आणि अपडेट्सच्या ओळीसुद्धा. सोर्सेस डॉट लिस्ट डॉट डी मध्येही एखादी फाइल असते ती विसरू नका. फर्मवेअर लागत असेल तर नॉन-फ्री-फर्मवेअर हा शब्द राहिलाय ना ते बघा, नाहीतर वायफायला मुकाल.

'ॲप्ट अपडेट', मग 'ॲप्ट अपग्रेड --विदाउट-न्यू-पीकेजीज', मग 'ॲप्ट फुल-अपग्रेड'. मधली पायरी उगाच वाटते पण ती ठेवा, आधी जेवढं कुणाला न काढता वर येतं तेवढं येऊन जातं आणि शेवटच्या पायरीला गुंता कमी होतो. फुल-अपग्रेड काय काय काढणार ती लाल यादी मात्र वाचा, अजून जुनाच ॲप्ट चालू असेल तर यादी बिनरंगाची दिसेल पण वाचा. त्यात तुमचा अख्खा डेस्कटॉप किंवा वेब सर्व्हर दिसला तर एन दाबा आणि कुठली बाहेरची रेपो आडवी येतेय ते शोधा.

मध्ये मध्ये कॉन्फिग फाइलबद्दल प्रश्न येतात. तुम्ही फाइल बदललेली आहे, पॅकेजनेही नवीन आणली आहे, कुठली ठेवू? वाय म्हणजे पॅकेजची नवीन, एन म्हणजे तुमची आहे तीच, डी म्हणजे दोन्हीतला फरक दाखव, झेड म्हणजे शेल उघड. नुसतं एंटर म्हणजे एन. माझं मत, दर वेळी आधी डी दाबा. एसएसएचडीची फाइल असेल आणि दुरून काम करत असाल तर एन, कारण त्यात तुमचा पोर्ट आणि लॉगिनचे नियम असतात. जी फाइल तुम्ही कधी हाताने उघडलीच नाही तिच्याबद्दल विचारलं तर वाय. एन म्हटलं तरी नवीन फाइल शेजारी डीपीकेजी-डिस्ट अशा शेपटाने पडलेली असते, नंतर निवांत बघता येते.

सर्व्हिस रीस्टार्ट करू का असंही विचारेल, हो म्हणा.

थांबा, रीबूट मारू नका अजून

अपग्रेड संपलं, प्रॉम्प्ट आला, आता हात शिवशिवतो. पण खालचं बघून घ्या.

पहिलं, सिस्कटल, म्हणजे कर्नलची सेटिंग. ईटीसीमधली सिस्कटल डॉट कॉन्फ ही फाइल १३ मध्ये बूट होताना वाचलीच जात नाही. काढून टाकलेली नसते हो, तुमची फाइल आहे तिथेच असते, आतली ओळही तशीच असते, फक्त कोणी तिच्याकडे बघत नाही. आता विचार करा की कोपऱ्यातलं एक जुनं मशीन राउटर म्हणून चाललंय, त्यात आयपी फॉरवर्ड एक केलेलं आहे याच फाइलमध्ये. रीबूट झाल्यावर ते शून्य, मशीनला स्वतःला नेट आहे, पिंग जातोय, पण मागे बसलेल्या सगळ्यांचं नेट बंद. आणि गंमत म्हणजे तुम्ही हाताने 'सिस्कटल -पी' मारलं की ती कमांड अजून तीच जुनी फाइल वाचते, लगेच सगळं चालू होतं, वाटतं सुटलं एकदाचं, पुढच्या रीबूटला परत तेच. उपाय एका ओळीचा, फाइल उचलून सिस्कटल डॉट डी फोल्डरमध्ये ९९-लोकल डॉट कॉन्फ असल्या नावाने ठेवा. त्याच बरोबर 'लिनक्स-सिस्कटल-डिफॉल्ट्स' हे पॅकेज बसलंय ना बघा, पिंग आता जादा परवानग्यांशिवाय चालतो आणि ते पॅकेज नसेल तर साध्या यूजरला पिंग मारता येत नाही.

दुसरं, नेटवर्क कार्डचं नाव. काही ड्रायव्हरमध्ये ईएनपी१एस०चं ईएनपी१एस०एनपी० असं होतं, आणि ईटीसी नेटवर्क इंटरफेसेस मध्ये जुनं नाव लिहिलेलं असलं की कार्डला आयपीच मिळत नाही. भाड्याच्या सर्व्हरवर हे झालं तर कन्सोलशिवाय आत जायला रस्ता नाही, म्हणून प्रोव्हायडरच्या पॅनलवरचा कन्सोल चालतो का ते आज बघून ठेवा, गरज पडेल तेव्हा पासवर्ड शोधत बसायचं नाही. ज्यांना धोकाच नकोय त्यांनी सिस्टमडीच्या (बूट आणि सर्व्हिस सांभाळणारा प्रोग्रॅम) नेटवर्क फोल्डरमध्ये डॉट लिंक फाइल बनवून मॅक ॲड्रेसवरून नाव पक्कं करून टाकावं.

तिसरं, एन्क्रिप्टेड डिस्क. सिस्टमडीचा डिस्क उघडणारा भाग आता 'सिस्टमडी-क्रिप्टसेटअप' या वेगळ्या पॅकेजमध्ये गेलाय. साधारणपणे ते आपोआप येतं, पण तुम्ही ॲप्टला रेकमेंड केलेली पॅकेजं घेऊ नकोस असं सांगून ठेवलेलं असेल तर येणार नाही. रीबूटच्या आधी हाताने बसवा.

चौथं, डेटाबेस. मारियाडीबी १०.११ वरून ११.८ वर जातं आणि आधीचा सर्व्हर नीट बंद झालेला असायला हवा, क्रॅश झालेल्या जुन्या डेटावर नवीन व्हर्जन रिकव्हरी करत नाही. त्यामुळे खरं तर अपग्रेडच्या आधीच एकदा स्टॉप करून लॉग बघायचा. पोस्टग्रेसमध्ये १५ आणि १७ शेजारी शेजारी राहतात, डेटा आपोआप पुढे जात नाही, 'पीजी_अपग्रेडक्लस्टर' तुम्हालाच चालवायचंय. तोपर्यंत जुनं १५ काढून टाकू नका.

आणि स्वतःचा मेल सर्व्हर असेल तर डोव्हकॉट २.४ (मेलबॉक्स उघडून देणारा प्रोग्रॅम). याचं कॉन्फिग जुन्याशी जुळतच नाही, अख्खं परत लिहावं लागतं. दुसऱ्या मशीनवर नवीन कॉन्फिग तयार करून, चालवून बघून मगच मुख्य सर्व्हरला हात लावा. वेळ नसेल तर मेल सर्व्हर १२ वरच ठेवा, त्यात काही कमीपणा नाही.

टीएमपी फोल्डरची भानगड

१३ पासून टीएमपी, म्हणजे तात्पुरत्या फाइलींचं फोल्डर, डिस्कवर नसून रॅममध्ये आहे, जास्तीत जास्त रॅमच्या निम्म्या आकाराचं. ८ जीबी रॅम असेल तर ४ जीबीची मर्यादा. फोल्डर रिकामं असताना रॅम अडत नाही, जेवढ्या फाइली टाकाल तेवढीच जाते, आणि एसएसडीवरचं लिहिणं कमी होतं, सगळं चांगलंच आहे. पण २ जीबीच्या छोट्या व्हीपीएसवर (भाड्याच्या व्हर्च्युअल सर्व्हरवर) बॅकअपची स्क्रिप्ट टीएमपीमध्ये मोठी टार फाइल बनवत असेल तर ती आता १ जीबीला डोकं आपटणार. स्क्रिप्टमध्ये व्हार-टीएमपी करा, ते अजून डिस्कवरच आहे. सगळंच जुन्यासारखं हवं असेल तर 'सिस्टमसीटीएल मास्क टीएमपी डॉट माउंट' आणि रीबूट.

अजून एक, १३ नवीन इन्स्टॉल केलं तर टीएमपीमधल्या १० दिवसांहून जुन्या आणि व्हार-टीएमपीमधल्या ३० दिवसांहून जुन्या फाइली आपोआप उडवल्या जातात. अपग्रेड केलेल्या मशीनवर हे होत नाही, तिथे जुनी वागणूक राखायला टीएमपीफाइल्स डॉट डी मध्ये एक फाइल टाकलेली असते. घरात एक मशीन अपग्रेड केलेलं आणि एक नवीन टाकलेलं असेल तर दोघं वेगवेगळं वागतील, लक्षात असू द्या. टीएमपीत कामाच्या फाइली ठेवायची सवय ज्यांना आहे त्यांना काय बोलणार.

एशिया कलकत्ता

हे खास आपल्याकडचं दुखणं. टाइमझोनची जुनी नावं १३ मध्ये मुख्य टीझेडडेटामधून काढून 'टीझेडडेटा-लेगसी' या पॅकेजमध्ये टाकलीत, आणि त्यात एशिया कलकत्ता पण गेलं. तुम्ही म्हणाल आम्ही एशिया कोलकाताच लिहितो. तुम्ही लिहिता, पण विंडोजवर चालणारा जावा भारतीय वेळ असली की बरेचदा स्वतःहून कलकत्ता हे नाव घेतो आणि कनेक्शन जोडताना पोस्टग्रेसला तेच पाठवतो. डेबियनवरचा पोस्टग्रेस सिस्टमचा टीझेडडेटा वापरतो, त्याला ते नाव सापडत नाही, आणि टाइमझोनची व्हॅल्यू चुकीची आहे म्हणून कनेक्शनच नाकारतो. कोडमध्ये कुठे शोधलं तरी कलकत्ता सापडत नाही म्हणून पोरं दिवसभर डोकं खाजवत बसतात. सर्व्हरवर ते लेगसी पॅकेज बसवा किंवा जावाला यूजर डॉट टाइमझोन एशिया कोलकाता असं देऊन टाका. ट्रिक्सीवर बनलेली पोस्टग्रेसची डॉकर इमेज घेतली तरी हेच होतं, म्हणजे डेबियन अपग्रेड न करताही तुम्ही यात सापडू शकता.

बारीकसारीक

कोण कधी लॉगिन झालं ते दाखवणारी 'लास्ट' कमांड मारली आणि सापडत नाही म्हणाली तर हॅकिंग झालेलं नाही, तिच्या फाइलचं स्वरूप २०३८ ला टिकणारं नव्हतं म्हणून काढली, 'डब्ल्यूटीएमपीडीबी' आणि त्याचं पॅम लायब्ररीवालं पॅकेज बसवा. 'लास्टलॉग' च्या जागी 'लास्टलॉग२'. एसएसएचमध्ये डीएसए की पूर्ण बंद झाल्या, एखादा जुना स्विच फक्त त्यावरच बोलत असेल तर 'ओपनएसएसएच-क्लायंट-एसएसएच१' हे पॅकेज त्याच कामासाठी ठेवलंय.

मराठी टायपिंगसाठी वेगळं काही करायला लागत नाही. आयबस आणि एम१७एन ही टायपिंगची साधनं आधीपासून वापरत असाल तर ते तसंच पुढे येतं, नवीन मशीनवर 'आयबस-एम१७एन' आणि 'फॉन्ट्स-देवा' बसवा, लॉगआउट करून परत या आणि कीबोर्डच्या सेटिंगमध्ये मराठी जोडा. इन्स्टॉलरही मराठीत चालतो, पण अडलं आणि एरर शोधायची वेळ आली तर इंग्रजी मेसेज बरे पडतात म्हणून मी इन्स्टॉल इंग्रजीत करतो आणि मराठी नंतर टाकतो.

हे सगळं बघून झालं की रीबूट. वर आल्यावर 'यूनेम -आर' मध्ये ६.१२ दिसायला हवं. 'सिस्टमसीटीएल --फेल्ड' मारा, लाल काही असेल तर आत्ताच बघा. बंद केलेल्या बाहेरच्या रेपो एकेक करून चालू करा, ट्रिक्सीसाठी त्यांनी पॅकेज दिलंय का ते बघून. नंतर 'ॲप्ट मॉडर्नाइझ-सोर्सेस' चालवा, जुन्या एका ओळीच्या सोर्सेस फाइली नवीन पद्धतीच्या करून देतो आणि जुनी फाइल बॅक शेपटाने ठेवतो. 'ॲप्ट ऑटोरिमूव्ह' मात्र लगेच मारू नका. जुनं ६.१ कर्नल राहू द्या थोडे दिवस, नवीनवर काही नाटकं झाली तर ग्रबच्या (बूटच्या मेनूच्या) ॲडव्हान्स्ड ऑप्शन्समधून त्याच्यावर जाता येतं. आठवडाभर झोप-जाग, वायफाय, प्रिंटर, बॅकअप सगळं सुरळीत दिसलं की मग ऑटोरिमूव्ह करा आणि यादी वाचूनच वाय दाबा, पोस्टग्रेस १५ त्यात दिसला आणि डेटा अजून हलवला नसेल तर एन.